सिस्टर, तुमचं नाव कोणत्या वहीत?

वाशीमच्या जुन्या माणसांना मिशन दवाखाना ठाऊक असतो. कागदोपत्री तो रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल. नाझरीन चर्चच्या डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी १९३८ साली तो सुरू केला. पुढे तिथं नर्सिंगची शाळा निघाली, ती वाढवणाऱ्या जीन डार्लिंगही परदेशीच. म्हणजे नर्सनं परमुलखात जाऊन तिथली रीत शिकून घेणं वाशीमला नवं नाही. वाट तेवढी तेव्हा उलटी होती.

आज इथली जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, झालेली मुलगी इंग्लंडला निघाली की तिच्यापुढे पुन्हा परीक्षा उभी राहते. या परीक्षेचं मूळ मला शाळेपेक्षा नोंदवहीत दिसतं. न्यूझीलंडनं १९०१ साली कायदा करून नर्सांची वही घातली, इंग्लंडनं १९१९ साली. वही आली आणि वहीबाहेरची नर्स जन्माला आली. तरी इंग्लंडच्या कायद्यात साम्राज्यातल्या इतर वह्यांसाठी दार होतं: तुमची आम्ही मानू, आमची तुम्ही माना. मुंबई इलाख्यानं आपली वही १९३५च्या कायद्यानं घातली. वाशीम पडलं मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे इथल्या नर्सला तेव्हा मुंबईसुद्धा परकीच! १९५६ला वऱ्हाड मुंबई राज्यात आलं, आणि १९६६च्या महाराष्ट्र कायद्यानं एकच वही झाली. दरम्यान १९४७च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यानंही परदेशांशी परस्पर मान्यतेची सोय ठेवली होती.

पण वहीवर वहीचा भरवसा टिकला नाही. ब्रिटनमध्ये बाहेरून आलेल्या नर्सला देखरेखीखाली वॉर्डात काम करावं लागे, त्याला 'अ‍ॅडाप्टेशन' म्हणत. २००५ला त्यात वीस दिवसांचं ठरीव शिक्षण आलं. २०१४ला तेही गेलं. संगणकावरची परीक्षा आणि 'ऑस्की' ही प्रात्यक्षिक परीक्षा उरली. शिकवायची जबाबदारी सोडून नुसतं तपासायचं, हा सौदा मला काही पटलेला नाही. शिकवणं गेलं कुठं, तर क्लासवाल्यांकडे.

ऑस्कीत दहा स्टेशनं असतात. इकडच्या वॉर्डात सिस्टर म्हणते, "काका, कूस बदला," आणि काकांनी 'आई गं' म्हणेपर्यंत सुई बाहेर, कापूस जागेवर. तिकडे तीच सिस्टर आधी नाव विचारते, जन्मतारीख विचारते, मनगटावरची पट्टी वाचते, कशाची अ‍ॅलर्जी आहे का विचारते, परवानगी घेते. सगळं मोठ्यानं, कारण परीक्षक ऐकतोय. मग सुई टोचायची ती नकली कातडीत. हात तिचा तयारच असतो, तोंड उघडायला मात्र महिने जातात.

जर्मनीत अजून वॉर्डातलं शिकणं किंवा परीक्षा, यांतलं एक निवडता येतं. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. पण आधी बी-टू पातळीपर्यंत जर्मन भाषा यायला हवी. वऱ्हाडात आलेल्या मिशनवाल्या बायांनाही वॉर्डाआधी मराठीच्या मुन्शीपुढे बसावं लागे.