वऱ्हाडचं वावर आणि परदेशाचा परवाना

मंडळी, विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात व्हिसा कुठून आला. पण अमरावती-अकोल्यात ज्या घरी इंजिनिअर झालेली मुलगी किंवा मुलगा आहे, तिथं आज आय-ट्वेंटी, बँक स्टेटमेंट, मुलाखत हेच शब्द कानावर पडतात. कागदांची फाईल घेऊन मूल रात्रीच्या गाडीनं बडनेऱ्याहून मुंबईला निघतं आणि घरची मंडळी देव पाण्यात घालून बसतात. आम्ही जुन्या वऱ्हाडाचा इतिहास चाळणारी माणसं. आम्हाला प्रश्न पडला, की हे कागद आले कुठून?

सुरुवात आपल्याच गावच्या माणसापासून करू. दादासाहेब खापर्डे, अमरावतीचे नामांकित वकील. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलमधल्या अपिलाच्या खटपटीसाठी ते विलायतेला गेले आणि १९१० पर्यंत तिथं राहिले. तेव्हा जाण्यासाठी लागत होतं बोटीचं तिकीट, खिशात पैसा, आणि घरच्यांची समजूत काढण्याची ताकद. पासपोर्टची सक्ती नव्हती.

आता दहा वर्षं पुढं या. १९१८ साली टिळक, केळकर, करंदीकर, बिपिनचंद्र पाल आणि हेच खापर्डे होमरूलच्या शिष्टमंडळातून विलायतेला निघाले. महायुद्ध चालू होतं, पासपोर्ट आता लागत होता, आणि तो यांना मिळालाही होता. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथं कळलं की पासपोर्ट रद्द झाले. परत फिरा! माणूस तोच, प्रवास तोच. दहा वर्षांत फक्त मधे एक कागद आला होता. युद्ध संपलं, कागद मात्र गेला नाही. १९२० साली भारतात प्रवेशासाठी पासपोर्टचा कायदाच झाला.

विद्यार्थ्यांवर नजर ठेवण्याची सुरुवात याच्याही आधीची. १९०७ साली ली-वॉर्नर समितीनं विलायतेतल्या हिंदी विद्यार्थ्यांची चौकशी केली. १९०९ साली मदनलाल धिंग्रानं कर्झन वायलीला गोळी घातली, आणि सरकारचा संशय पक्का झाला. लंडनला २१, क्रॉमवेल रोड इथं विद्यार्थ्यांसाठी राहायची सोय आणि सल्ला देणारी कचेरी झाली. सल्ला मिळायचाच, पण आपण इथं हेरले जातोय ही भावना मुलांच्या मनातून गेली नाही.

आता पंजाबराव देशमुख. जन्म १८९८, गाव पापळ, जिल्हा अमरावती. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२० साली विलायतेला गेले. एडिंबरो, ऑक्सफर्ड, शिवाय बॅरिस्टरी. वेदवाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास हा प्रबंधाचा विषय. कुणब्याच्या पोरानं वेदांवर प्रबंध लिहावा, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती बरं! १९२६ साली ते परतले.

इथं एक गंमत सांगायला हवी. पापळात जन्मलेलं मूल कायद्यानं कुणाची प्रजा? तुम्ही म्हणाल इंग्रजांची. तसं नव्हतं. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला, १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानं गेला. राज्य इंग्रज करत होते, पण सार्वभौमत्व कागदोपत्री निजामाचंच. म्हणून १९३५ च्या कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं, की बादशहाची प्रजा असं जिथं म्हटलंय, तिथं निजामाची वऱ्हाडी प्रजाही धरावी, राजनिष्ठेची शपथ तेवढी सोडून. अमरावतीचा माणूस रोजच्या व्यवहारात इंग्रजी अंमलाखाली आणि कायद्याच्या पुस्तकात निजामाच्या खात्यावर. 'तू कोण, कुठला' हा व्हिसाच्या खिडकीवरचा पहिला प्रश्न. वऱ्हाडात त्याचं उत्तर तेव्हाही सोपं नव्हतं.

पण पंजाबरावांची खरी अडचण ही नव्हती. साम्राज्यातल्या माणसाला विलायतेत शिकायला व्हिसा लागतच नव्हता. अडचण होती पैशाची. वडील शामराव यांनी जमीन गहाण टाकून पैसा उभा केला, असं त्यांच्या चरित्रांत वाचायला मिळतं. म्हणजे मुलगा विलायतेला गेला तो वावराच्या जोरावर. पुढं मंत्री झाल्यावर याच पंजाबरावांनी कर्जलवाद कायद्यासाठी खटपट केली. तो मध्यप्रांतात १९३३ साली झाला. गहाण जमीन म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

विद्यार्थी म्हणून वेगळा परवाना, ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेकडून आली. १९१७ साली अमेरिकेनं आशियाच्या मोठ्या भागाला दार लावलं. १९२३ साली भगतसिंग थिंड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हिंदी माणसाला नागरिकत्वाला अपात्र ठरवलं. १९२४ च्या कायद्यानं दार आणखी घट्ट केलं, पण विद्यार्थ्यासाठी एक फट ठेवली. वय निदान १५, हेतू फक्त शिक्षण, शाळा सरकारमान्य, आणि पोरगा शाळा सोडून गेला तर शाळेनं सरकारला कळवायचं. शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे! आजची आय-ट्वेंटी आणि संगणकावरची नोंद म्हणजे याच नियमाची नातवंडं. १९५२ च्या कायद्यानं एक भर घातली. अर्जदार कायमचा राहायलाच आलाय असं अधिकाऱ्यानं आधी धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदारानं पटवून द्यायचं. मुलाखतीच्या खिडकीवर दोन मिनिटांत जी मुलं नापास होतात, ती बहुधा याच कलमाखाली. ब्रिटननं तर राष्ट्रकुलातल्या लोकांवर पहिलं नियंत्रण आणलं ते १९६२ साली.

नियमांमागचे प्रश्न पाहिले तर तीनच. कोण आहेस, खर्च कोण करणार, परत जाशील का? जर्मनी दुसरा प्रश्न सरळ आकड्यात विचारते. वर्षाचे ११,९०४ युरो आधीच बंद खात्यात टाका. ब्रिटन म्हणते, रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसली पाहिजे.

आणि इथं आपलं वावर पुन्हा येतं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, जे आज पंजाबरावांच्याच नावानं आहे, शिकलेली एक शेतकऱ्याची मुलगी मध्यंतरी वडिलांसह आमच्याकडं आली होती. प्रवेश मिळालेला. घरी पंधरा एकर, सात-बारा कोरा. बँकेत गेले तर साहेब म्हणाले, शेतजमीन तारण चालत नाही. शहरातला फ्लॅट किंवा एनए प्लॉट आहे का? वडिलांना वाटलं साहेब लाच मागतोय. तसं नव्हतं. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात, आणि २००२ च्या सरफेसी कायद्याच्या ३१ व्या कलमानं शेतजमीन जप्तीतून वगळली आहे. वगळली ती शेतकऱ्याचं वावर वाचावं म्हणून, आणि ते योग्यच झालं असं आमचं मत आहे. पण जे बँकेला जप्त करता येत नाही, ते बँकेला तारण म्हणून नको. मोठ्या नावाच्या विद्यापीठांना विनातारण कर्ज मिळतं. हिचं विद्यापीठ त्या यादीत नव्हतं.

म्हणजे बघा, शामरावांच्या वेळी व्हिसा नव्हता, सावकार होता, आणि त्याला वावर चालत होतं. आज सावकाराचा फास कायद्यानं सैल केला, पण पंधरा एकरवाला बाप आणि दोन खोल्यांचा फ्लॅटवाला बाप बँकेच्या टेबलासमोर बसले की कर्ज फ्लॅटवाल्याला. आणि कर्जमंजुरीचं पत्र नसेल तर खिडकीवरच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नाही.

त्या मुलीच्या वडिलांनी आम्हाला जाताना विचारलं, "मग सर, विकू का दोन एकर?" आम्ही लगेच काही बोलू शकलो नाही. मामाचं अकोल्यात घर होतं, ते तारण ठेवता येईल का एवढं विचारून पाहा म्हटलं. मामा तयार झाले. कागद अजून बँकेत आहेत.