विकत घेतलं म्हणजे वाचलं का? शाळेच्या दाखल नोंदवहीतून इतिहास शोधताना

मागच्या वर्षी माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण गाईडसरांकडून परत आलं. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिला होता : विकत घेतलं म्हणजे वाचलं का? त्या पाच शब्दांमुळे माझे पाच महिने वाढले. पण त्या पाच महिन्यांत मी जे शिकले, ते संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये मला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून आजचा हा लेख.

थोडी पार्श्वभूमी सांगते. माझं एम.एस्सी. पदार्थविज्ञानात झालं आणि पीएच.डी. विज्ञानशिक्षणाच्या इतिहासात चालू आहे. स्वातंत्र्यानंतरच्या तीस वर्षांत मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळांतल्या मुलांपर्यंत पाठ्यपुस्तकाबाहेरचं विज्ञान कसं पोचलं, हा माझा प्रश्न. त्यासाठी मी सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या हायस्कूलच्या ग्रंथालयात गेले. शिपाईमामांनी माळ्यावरून एक जाडजूड वही काढून दिली. ती दाखल नोंदवही होती.

शाळेत पुस्तक आलं की त्याला एक दाखल क्रमांक मिळतो आणि वहीत एक ओळ लिहिली जाते : तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनाचं वर्ष, पृष्ठे, विक्रेता, बिल क्रमांक, किंमत आणि शेवटी शेरा. ही वही तपासणीसाठी ठेवतात, इतिहासकारासाठी नाही. म्हणूनच ती विश्वासार्ह. आपण कसे दिसू, याची काळजी करून कुणी बिल क्रमांक लिहीत नाही.

आता ही वही वाचायची कशी? शीर्षकांकडे सगळेच बघतात. तुम्ही बाकीचे रकाने बघा.

प्रकाशनाचं वर्ष आणि दाखल तारीख यांची वजाबाकी करा. पुस्तक पुण्या-मुंबईत छापल्यावर तुमच्या गावात पोचायला किती वर्षं लागली, ते कळतं. तारखांमध्ये मार्च महिना शोधा. मला बऱ्याच नोंदी मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात दिसल्या, कारण आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं आणि अनुदान त्याआधी खर्ची टाकावं लागतं. अशा वेळी पुस्तकांची निवड विद्यार्थ्यांची आवड बघून होते की विक्रेत्याकडे काय शिल्लक आहे ते बघून, हा प्रश्न विचारायलाच हवा. किमतीच्या रकान्यात ‘भेट’ लिहिलेल्या ओळी वेगळ्या काढा. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ, दोघेही भारतात फुकट किंवा अगदी स्वस्तात वाचनसाहित्य पोचवत होते. सोव्हिएत पुस्तकं तर मराठीतही येत. जगाचं राजकारण शाळेच्या कपाटात कसं शिरतं, ते या एका रकान्यात दिसतं. शेऱ्याचा रकाना सगळ्यात शेवटी वाचा : गहाळ, वाळवी, निर्लेखित.

विज्ञानाची पदवी घेऊन इतिहासात आलेल्या माणसाची एक खोड असते. आकडे दिसले की तो आलेख काढतो. मीही काढला. माझ्या वहीत 1960 नंतर अणू, रॉकेट, अवकाश अशा विषयांची पुस्तकं भराभर वाढलेली दिसत होती. संदर्भही छान जुळत होता. 4 ऑक्टोबर 1957 ला स्पुटनिक गेला होता, 1966 मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. मी बिनधास्त लिहून टाकलं की, या काळात ग्रामीण विद्यार्थ्यांमध्ये विज्ञानवाचनाची लाट आली. आणि मग तो पेन्सिलीतला प्रश्न आला.

मी परत शाळेत गेले. या वेळी देवघेव नोंदवही मागितली. काही वर्षांच्या वह्या रद्दीत गेल्या होत्या, पण 1960 नंतरची काही वर्षं शाबूत होती. विज्ञानाच्या पुस्तकांपुढे विद्यार्थ्यांची नावं जवळजवळ नव्हतीच. मग कपाटातली पुस्तकंच हातात घेतली. दोन पुस्तकांची पानं अजून कापलेलीसुद्धा नव्हती. पूर्वी छापील फर्मे दुमडून बांधत आणि पानांच्या कडा वाचकाने सुरीने कापायच्या. न कापलेलं पान म्हणजे न वाचल्याचा भक्कम पुरावा! माझ्या लाटेतली हवाच गेली.

असं का झालं असेल? इथे कागदपत्रांना काळाची चौकट लागते. डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली 1952-53 मध्ये माध्यमिक शिक्षण आयोगाने देशभरातल्या शाळा पाहिल्या. ग्रंथालयांबद्दल आयोगाचं मत कडक होतं : बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणावं असं काही नाही, पुस्तकं जुनी आणि मुलांच्या आवडीचा विचार न करता घेतलेली, आणि ती सांभाळायला एखादा कारकून किंवा ज्याला पुस्तकांत रस नाही असा शिक्षक. आयोगाने प्रशिक्षित ग्रंथपाल, वर्गग्रंथालयं आणि विषयवार ग्रंथालयं सुचवली.

म्हणजे कपाट असणं आणि ते उघडं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाही माहीत होतं. खरं तर त्याच्याही आधी. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शिकलेला माणूस पुस्तकाविना पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून त्यांनी 1910 मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञाला बोलावलं. पुढे तिथून गावोगावी पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. मद्रासमध्ये गणिताचे प्राध्यापक असलेले रंगनाथन 1924 मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. इतकी साधी गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, यातच सगळं आलं. पुस्तक हरवलं की जबाबदारी ज्याच्याकडे किल्ली त्याच्यावर. मग तो कुलूप लावणारच ना?

मी प्रकरण उलट्या बाजूने लिहिलं : पुस्तकं आली, पण वाचली गेली नाहीत. सुटसुटीत, दुःखद आणि पुराव्यासकट.

तेही चुकलं होतं.

शाळेतल्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, “अगं, आमचे जुने विज्ञानाचे सर गावातच असतात. त्यांना एकदा भेट तरी.” सर ऐंशीच्या पुढचे. त्यांना देवघेव नोंदवहीचे फोटो दाखवले. शिक्षकांच्या पानावर त्यांच्या नावाने पुष्कळ पुस्तकं होती. ते हसले. म्हणाले, “मुलांच्या नावावर पुस्तक गेलं आणि फाटलं तर दंड कोण भरणार? पोरं शेतकऱ्यांची. मी माझ्या नावावर काढायचो आणि शनिवारी वर्गात वाटायचो. सोमवारी परत.”

ते पान मी आधी पाहिलं होतं. शिक्षकांचं वाचन हा माझा विषय नाही, म्हणून उलटलं होतं.

आज माझ्या प्रकरणातलं ते वाक्य असं आहे : या एका शाळेत, काही वर्षं, एका शिक्षकाच्या नावाआडून काही विज्ञानपुस्तकं विद्यार्थ्यांपर्यंत पोचली, बाकीची कपाटातच राहिली. लाटेपेक्षा हे वाक्य खूप लहान आहे. पण परीक्षकांसमोर मी त्याच्यामागे उभी राहू शकते.

तुमच्यापैकी कुणी अशा ग्रंथालयात जाणार असेल, तर चार गोष्टी. मुख्याध्यापकांच्या नावे गाईडच्या सहीचं पत्र न्या आणि फोटो काढायची परवानगी लेखी घ्या. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही आणि प्रत्यक्ष पुस्तक, तिन्ही बघा. पहिली वही पैसे कुठे गेले ते सांगते, दुसरी जबाबदारी कुणी घेतली ते, आणि पुस्तकाची पानं हात लागला की नाही ते. विद्यार्थ्यांची नावं प्रबंधात छापू नका. ती माणसं आज हयात आहेत. आणि शाळेत निर्लेखन कधी होणार आहे, हे पहिल्याच दिवशी विचारा. पुस्तकांबरोबर वह्याही जातात.

माध्यमिक शाळांत आज अनेक ठिकाणी ग्रंथपाल अर्धवेळ आहेत, आणि त्यांचा बराचसा वेळ दुसऱ्याच कामांत जातो. तरी माळ्यावरची वही कुठे आहे, हे त्यांनाच माहीत असतं. आणि जुने सर कुठे राहतात, तेही. त्यांच्याशी आधी बोला. मी शेवटी बोलले, म्हणून पाच महिने गेले.