पुंगळ्यांची निवड

अमेरिकेतील पिस्तुलाच्या नेमबाजांत एक जुना वाद आहे. उडविलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेचून त्यांत पुन्हा दारू भरावयाची, तर आधी त्या कारखान्यावार निवडाव्यात काय? आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस भरणे हा गुन्हा असल्याने आम्हांला या वादात उतरण्याचे कारण नाही. पण त्यामागचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

पुंगळी पुन्हा वापरता येते ती पितळेच्या गुणामुळे. सुमारे ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असलेले हे पितळ बार होताच फुगून नळीला घट्ट बसते आणि लगेच आक्रसते. प्रश्न होता तो दारू पेटविणाऱ्या टोपीचा. १८६६ साली तो दोघांनी दोन तऱ्हांनी सोडविला. अमेरिकन यादवीत नेमबाजांचे पथक चालविलेले हायरम बर्डॅन यांनी टोपीखालची ऐरण पुंगळीच्याच बुडात घडविली व तिच्या बाजूंना बारीक छिद्रे ठेविली. इंग्लंडात वुलिच येथील एडवर्ड बॉक्सर यांनी ऐरण टोपीतच बसविली. त्यामुळे पुंगळीला मधोमध एकच छिद्र पुरले, व त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज ढकलता येऊ लागली. गंमत अशी, की इंग्रजाची टोपी अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपच्या सैन्यांत! अमेरिकेत घरी काडतुसे भरण्याचा छंद फोफावला, त्याचे एक कारण हे मधले छिद्र होय.

आता निवडीकडे वळू. लांब पल्ल्याच्या रायफलीत पुंगळीच्या पोटातला किंचित फरकही निशाणावर दिसतो. पिस्तूल चालते २५ किंवा ५० यार्डांवर. तेथे मनगटाचा कंपच त्या फरकाला गिळून टाकतो. बुडावरची अक्षरे (आपल्या खडकीच्या पुंगळीवर ‘के’ व ‘एफ’ असत) पाहून ढीग लावणाऱ्याला समाधान लाभते. नेम सुधारतो तो क्वचितच. इथवर आम्ही निवड न करणाऱ्यांच्या पक्षाचे.

पण सगळेच भेद असे निरुपद्रवी नाहीत. १९३५ साली .३५७ मॅग्नम निघाले. त्याची पुंगळी जाडीने जुन्या .३८ स्पेशलएवढीच, परंतु लांबीने मुद्दाम एक अष्टमांश इंचाहून थोडी अधिक ठेविली. हे जबर काडतूस जुन्या रिव्हॉल्वरात शिरूच नये, हा हेतू. भरणाऱ्याने बेसावधपणे मॅग्नमचे माप .३८ च्या पुंगळीत ओतले, की ते जुन्या हत्यारात निमूट शिरते, आणि मग हत्यार फुटून बोटे जाण्याचा प्रसंग.

१९११ च्या सैनिकी पिस्तुलाच्या .४५ पुंगळीची गोष्टही अशीच. तिला पिढ्यान्‌पिढ्या मोठी टोपी लागे. पुढे शिसेविरहित टोप्या आल्या, तेव्हा काही कारखान्यांनी लहान टोपीच्या पुंगळ्या काढल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच. अशी एखादी ढिगात मिसळली, तर मोठी टोपी लहान खळग्यावर चेपली जाते. यंत्र अडते, आणि क्वचित हाताखालीच टोपी उडते. म्हणून एरवी निवडीला हसणारेही .४५ ची प्रत्येक पुंगळी उलटी करून तिचा खळगा पाहतात.