ल्यूकाची मूळ संख्या

२ चा १२७ वा घात घेऊन त्यातून १ वजा केल्यावर मिळणारी ३९ अंकी मूळ संख्या. पूर्ण रूप : १७०१४१ १८३४६० ४६९२३१ ७३१६८७ ३०३७१५ ८८४१०५ ७२७. या नोंदीत तिला ‘म’ म्हटले आहे. मेर्सेन मूळ संख्यांत चढत्या क्रमाने ती बारावी.

इतिहास : फ्रेंच धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या घातांकांची जी यादी दिली, तीत १२७ होता. ६७ व २५७ हे घातांक तीत चुकून आले, तर ६१, ८९ व १०७ राहून गेले; १२७ टिकला. एदुआर ल्यूका यांनी १८७६ मध्ये ‘म’ मूळ असल्याचे जाहीर केले. त्यांच्या पडताळणीच्या पूर्णतेविषयी पुढे शंका घेतल्या गेल्या; फोकेंबर्ग यांचा १९१४ मधील निष्कर्ष मात्र तोच निघाला. (‘हनोईचा मनोरा’ हे कोडे याच ल्यूकांचे. त्यात १२७ चकत्या घेतल्यास किमान ‘म’ इतक्या चाली लागतात.)

कसोटी : एकेका भाजकाने भागून पाहायचे तर २० अंकी भाजकांपर्यंत जावे लागते. ल्यूकांनी ‘म’ मध्ये १ मिळवल्यास २ चा निव्वळ घात मिळतो, याचा फायदा घेतला. ३ पासून आरंभ करून दर वेळी वर्ग करावा, २ वजा करावे व ‘म’ ने भागून बाकी ठेवावी. १२५ वर्गांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ. हीच रीत १२७ या संख्येला लावली असता ३, ७, ४७, ४८, १६, ० अशा बाक्या येतात. आरंभी ४ घेणारी, आज रूढ असलेली मांडणी लेमर यांची.

हे वर्ग करण्यासाठी ल्यूकांनी बुद्धिबळासारखा १२७ × १२७ घरांचा पट सुचवला. द्विमान पद्धतीतील १ साठी सोंगटी, ० साठी रिकामे घर. गुणाकाराची प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकते. डावीकडून बाहेर पडणारी सोंगटी त्याच ओळीत उजव्या टोकाला ठेवायची, कारण २ च्या १२७ व्या घाताला ‘म’ ने भागल्यास बाकी १ उरते. एका स्तंभातील दोन सोंगट्या उचलल्या की डावीकडच्या स्तंभात एक ठेवायची, म्हणजे हातचा. भागाकार असा करावाच लागत नाही. मूळ संख्यांच्या साऱ्या हिशेबांत इतकी देखणी युक्ती क्वचितच आढळते.

उच्चांक : १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत ‘म’ सर्वांत मोठी होती. त्या वर्षी फेरिये यांनी टेबलावरच्या गणनयंत्राच्या साहाय्याने ४४ अंकी मूळ संख्या सिद्ध केली. मिलर व व्हीलर यांनी केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर सिद्ध केलेली ७९ अंकी संख्याही त्याच वर्षीची. ती ‘म’ च्या वर्गाला १८० ने गुणून १ मिळवल्याने येते.

गुणधर्म : द्विमान पद्धतीत ‘म’ म्हणजे ओळीने १२७ एक. ४ ने भागल्यास बाकी ३ राहते, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. तिला जुळी मूळ संख्या नाही : २ वजा केल्यास ५ ने, मिळवल्यास ३ ने भाग जातो. २ च्या १२६ व्या घाताने ‘म’ ला गुणल्यास ७७ अंकी परिपूर्ण संख्या मिळते.

कातालाँ श्रेणी : ३, ७, १२७, ‘म’. प्रत्येक पद पुढच्या पदाचा घातांक. पाचवे पद मूळ आहे की नाही, हे अनिर्णित. कसोटी तीच, पण त्या पदाला साधारण ‘म’ इतके वर्ग करावे लागतील.

उपयोग : फोरक्यू (२०१५) ही गुप्तलेखनातील वक्ररेषा ‘म’ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या अंकगणितावर उभी आहे.