मार्टिन लूथर: आधुनिक की मध्ययुगीन?



शाळेतल्या इतिहासात लूथर अर्ध्या पानात संपतो. १५१७, विटेनबर्ग, पोपविरुद्ध ९५ मुद्दे, आणि आधुनिक युग सुरू! मला मात्र हा माणूस पक्का मध्ययुगीन वाटतो, आणि त्याचं बंडही त्यातूनच आलं.

वडील हान्स तांब्याच्या खाणधंद्यात वर आलेले. मुलाने वकील व्हावं ही त्यांची इच्छा (ओळखीचं वाटतंय ना?). जुलै १५०५ मध्ये वादळात वीज अगदी जवळ पडली आणि घाबरलेल्या लूथरने खाणकामगारांच्या संत अ‍ॅनाला नवस केला: वाचव, मी मठात जातो. पंधरा दिवसांत गेलासुद्धा! ही सैतानाची फसवणूक नसेल कशावरून, असं वडिलांनी पुढे त्याला सुनावलं. म्हणजे भांडण काय, तर वीज देवाची की सैतानाची. नुसती वीज असेल हे दोघांच्याही मनात आलेलं दिसत नाही.

मठात तो तासन् तास पापांची कबुली देत बसे. पापमाफीची पत्रं विकली जाऊ लागली तेव्हा तो चिडला, पण नरक ही भाकडकथा आहे म्हणून नव्हे. नरक अगदी खरा, आणि लोक पैसे टाकून निर्धास्त होतायत, म्हणून!

जगाचा अंत जवळ आलाय याचीही त्याला खात्री होती. त्याचा मित्र, गणिती पाद्री मिखाएल श्टिफेल, याने तर हिशोब मांडून १९ ऑक्टोबर १५३३, सकाळी आठ ही वेळच जाहीर केली. लूथरने त्याला आधीच बजावलं होतं. आक्षेप तारीख काढण्याला होता, अंताला नव्हे. (श्टिफेलने पुढे १५४४ मध्ये बीजगणितावर चांगला ग्रंथ लिहिला. घातांकाला 'एक्स्पोनंट' म्हणतात ते त्याच्यामुळे.)

याच मनाची काळी बाजूही आहे. १५४३ मध्ये त्याने ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा असं लिहिलं. नाझींनी ते पुढे वापरलं. 'त्या काळी सगळेच तसे होते' हा बचाव मला पटत नाही. कारण १५२३ मध्ये याच लूथरने ज्यूंशी प्रेमाने वागा असं लिहिलं होतं. काळ तोच, सैतानावरचा विश्वासही तोच. पण ते ख्रिस्ती होतील ही त्याची आशा फोल ठरली आणि तो उलटला. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लूथरन चर्चने ते लेखन जाहीरपणे नाकारलं, पण १९९४ मध्ये.