मनुष्यत्वाचे माप

यंत्रास जाणीव आली तर ते मनुष्याच्या बरोबरीचे मानावे काय? प्रश्न नवा दिसतो. त्यात वापरले जाणारे माप मात्र जुने आहे.

१५५० साली स्पेनमधील वायादोलिद येथे राजाज्ञेने पंडितांची सभा भरली. अमेरिकेतील मूळ रहिवाशांना युद्धाने अंकित करणे न्याय्य आहे काय, हा वाद होता. ज्यांची बुद्धी उणी ते स्वभावतःच दास, असे सेपुल्वेदा यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे प्रतिपादिले. बिशप लास कासास यांनी ते खोडून काढले. (याच लास कासास यांनी पूर्वी आफ्रिकी दास आणण्याची सूचना केली होती, पुढे त्यांस पश्चात्ताप झाला.) वास्तविक पोप तिसरे पौल यांनी १५३७ मध्येच हे लोक खरेखुरे मनुष्य असल्याचे जाहीर केले होते. तरीही १५५१ च्या दुसऱ्या बैठकीनंतर परीक्षकांनी निर्णय दिलाच नाही.

४०० वर्षांनी, १९५० मध्ये, गणिती ॲलन ट्युरिंग यांनी ‘माइंड’ त्रैमासिकात एका धार्मिक आक्षेपाचा विचार केला: विचार हे अमर आत्म्याचे कार्य, आणि यंत्रास आत्मा नाही. यावर त्यांचे म्हणणे असे की, या आक्षेपाने देवाच्या सर्वसमर्थतेलाच मर्यादा पडते. ट्युरिंग श्रद्धावान नव्हते, तरी हे उत्तर आम्हांस हलके वाटत नाही.

परंतु यंत्राच्या चतुर भाषणावरून त्यास समान ठरविणे म्हणजे सेपुल्वेदांचाच तराजू हाती घेणे होय. बुद्धीने अधू लेकरू आणि स्मृती गेलेली वृद्धा त्यात कोठे बसतील? देवाचे प्रतिरूप त्यांनी परीक्षा देऊन मिळविलेले नाही. यंत्रास खरोखर वेदना होऊ लागल्या, तर त्यास छळू नये हे खरेच. पण ते कर्तव्य गुराढोरांविषयीही आहे, आणि त्यांना आम्ही मनुष्य म्हणत नाही.