पोस्टग्रेसनं बिल्ड टूल बदललं, पण जुनं अजून फेकलं का नाही?

मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड हे डेव्हलपर आपल्या कॉम्प्युटरवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेग मोजत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की एसएसएचनं लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. त्यांनी खोदायला घेतलं, आणि २९ मार्चला जाहीर केलं की बहुतेक सगळ्या लिनक्समध्ये असणाऱ्या एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला आहे.

बातमी जगभर फिरली, पण त्यातल्या दोन गोष्टी फारशा कुणी बोललं नाही. एक म्हणजे हा चोरदरवाजा आत आणणारी ओळ मुख्य प्रोग्राममध्ये नव्हती, ती बिल्डच्या फायलीत होती. आणि दुसरी म्हणजे, पोस्टग्रेसचं बिल्ड टूल बदलण्याच्या कामात त्याआधी पुढे होते ते हेच फ्रॉइंड.

बिल्ड टूल म्हणजे नेमकं काय?

डेव्हलपर जो कोड लिहितात तो कॉम्प्युटरला थेट चालवता येत नाही. सी भाषेतल्या शेकडो फायली आधी एकेक करून कंपाइल होतात, मग जोडल्या जातात, तेव्हा कुठे प्रोग्राम तयार होतो. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे, आधी काय करायचं, नंतर काय, हा सगळा हिशोब ठेवणारा म्हणजे बिल्ड टूल.

लग्नाच्या पंगतीचा आचारी आठवा. पाक झाल्याशिवाय जिलबी नाही, हे त्याला माहीत असतं. आमटीत मीठ कमी पडलं तर तो फक्त आमटीकडे बघतो, जिलब्या पुन्हा तळत नाही. बिल्ड टूलही तेच करतं. एक फाइल बदलली तर तिच्याशी संबंधित तेवढंच पुन्हा बनवतं.

या जमातीचा मूळपुरुष म्हणजे ‘मेक’. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये तो लिहिला. मेकच्या फायलीत कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिली तर चालत नाही. आजवर किती विद्यार्थ्यांनी यावर डोकं आपटलं असेल, मोजदाद नाही. ही चूक फेल्डमन यांना लवकरच कळली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांचं काम बिघडू नये म्हणून टॅब तसाच राहिला. डझनभर लोकांसाठी ठेवलेली गोष्ट पुढे सगळ्या जगाला चिकटली!

नंतर युनिक्सचे इतके प्रकार झाले की एका मशीनवर चालणारा कोड दुसऱ्यावर अडायला लागला. त्यावर उपाय म्हणून १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ आलं. ते ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट तयार करतं. ही स्क्रिप्ट मशीनला शेकडो प्रश्न विचारते: ही लायब्ररी आहे का, हे फंक्शन चालतं का? उत्तरं मिळाली की त्याप्रमाणे मेकच्या फायली बनतात. कल्पना चांगली होती. पण ही स्क्रिप्ट हजारो ओळींची असते, ती ‘एम-फोर’ या सत्तरच्या दशकातल्या मॅक्रो भाषेतून तयार होते, आणि ती पूर्ण वाचणारा माणूस शोधून सापडत नाही.

पोस्टग्रेसला अडचण काय होती?

पोस्टग्रेसचं मूळ १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पात आहे. पोस्टग्रेएसक्यूएल हे नाव १९९६ चं. इन्स्टाग्रामनं सुरुवातीपासून याच डेटाबेसचा आधार घेतला, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांचा त्याच्याशी नकळत संबंध आलेला आहे.

लिनक्स आणि मॅकवर पोस्टग्रेस ऑटोकॉन्फ आणि मेकनं बनायचं. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओला मात्र यातलं काहीच कळत नाही. म्हणून विंडोजसाठी पर्ल भाषेतल्या स्क्रिप्टचा वेगळा संच होता. या स्क्रिप्ट मेकच्या फायली उघडून, त्यातला मजकूर चाचपून, बनवायचं काय याचा अंदाज बांधायच्या. मेकच्या फायलीत कुणी थोडी वेगळ्या पद्धतीनं ओळ लिहिली की विंडोजचं बिल्ड कोसळण्याची भीती. आणि बहुतेक डेव्हलपर लिनक्स किंवा मॅकवर काम करणारे, त्यामुळे ते मोडलंय हे कळायचं उशिरा.

बिल्ड टूल बदलाच्या चर्चेत वेगाचा मुद्दा सगळ्यात मोठ्यानं वाजतो. वेग वाढतो हे खरंच आहे. पण माझ्या मते इथलं मोठं कारण ही दुहेरी व्यवस्था होतं. त्यात ऑटोकॉन्फ स्वतःच थकलेलं: त्याची २.६९ ही आवृत्ती २०१२ ची, त्यानंतरची २.७० आली थेट डिसेंबर २०२० मध्ये.

मेसनच का?

मेसन हे फिनलंडच्या युसी पाक्कानेन यांनी सुरू केलेलं टूल, पहिली आवृत्ती २०१३ ची. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींकडे चालतं. मेसन स्वतः कंपाइल करत नाही. ते फक्त कामाची यादी तयार करतं आणि ‘निन्जा’ नावाच्या टूलकडे देतं. हे निन्जा गूगलमध्ये क्रोम ब्राउझर लवकर बिल्ड व्हावा म्हणून जन्मलं होतं.

मेसनच्या भाषेत स्वतःचं फंक्शन लिहिता येत नाही. हे मुद्दामच तसं ठेवलंय. बिल्डची फाइल म्हणजे साधी यादी राहावी, त्यात कुणी हुशारी करू नये आणि नवख्यालाही ती वाचता यावी, हा विचार. सिस्टमडी या लिनक्समधल्या महत्त्वाच्या प्रकल्पानं २०१७ मध्ये मेसन घेतलं आणि त्याच वर्षी जुनी व्यवस्था काढूनही टाकली.

पोस्टग्रेसला इतकी घाई परवडणारी नव्हती. मेसनचा पहिला भाग मुख्य कोडमध्ये आला सप्टेंबर २०२२ मध्ये. सप्टेंबर २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत तो वापरकर्त्यांच्या हाती पडला. म्हणजे दोन व्यवस्था नकोत म्हणून सुरू झालेल्या कामामुळे आधी तीन व्यवस्था झाल्या! नवी सी फाइल टाकली तर तिची नोंद मेकमध्ये करा, मेसनमध्ये करा, आणि विंडोजच्या पर्ल स्क्रिप्टही गडबडल्या नाहीत ना ते बघा. वर्षभर हे चाललं. सप्टेंबर २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत पर्लच्या त्या स्क्रिप्ट निघाल्या आणि व्हिज्युअल स्टुडिओसाठी फक्त मेसन उरलं. तिनाचे पुन्हा दोन झाले.

मग ऑटोकॉन्फ आणि मेक का ठेवलंय?

कारण प्रकल्पाच्या बाहेर बसलेली माणसं. पोस्टग्रेसला शेकडो एक्स्टेन्शन जोडता येतात. ती लिहिणाऱ्यांसाठी पोस्टग्रेस ‘पीजीएक्सएस’ नावाची मेकवर आधारलेली सोय देतं. एक्स्टेन्शनवाल्यानं चार-पाच ओळींची मेक फाइल लिहिली की काम झालं. उद्या मेक काढलं तर या सगळ्यांना आपापल्या फायली पुन्हा लिहाव्या लागतील, आणि त्यातले कित्येक जण फावल्या वेळात हे काम करतात. म्हणून मेसननं पोस्टग्रेस बनवलं तरी पीजीएक्सएसला लागणाऱ्या मेकच्या फायली ते तयार करून ठेवतं. घरात गॅस पाइपलाइन आली तरी सिलिंडर ठेवतात, तसंच.

१६ व्या आवृत्तीच्या नोंदीत पुढे कधीतरी मेसन दोन्ही जुन्या व्यवस्थांची जागा घेईल असं लिहिलं होतं. त्यातली एक गेली. दुसरीला मुदत दिलेली नव्हती.

मुदत न देता घाई केली की काय होतं, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसलं होतं. पायथनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या पॅकेजनं ३.४ या आवृत्तीत बिल्डसाठी रस्ट भाषेचा कंपायलर आवश्यक केला. सुरक्षेच्या दृष्टीनं निर्णय समजण्यासारखा होता. पण अल्पाइन लिनक्सवर चालणारी असंख्य बिल्ड रातोरात बंद पडली, कारण तिथे हे पॅकेज त्याच जागी कंपाइल व्हायचं आणि रस्ट नव्हतंच. आपण हे पॅकेज वापरतो हेच अनेकांना त्या दिवशी कळलं.

घाईचा दुसरा धोका म्हणजे चुकीचं टूल निवडलं जाणं. केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या मंडळींनी २००५ मध्ये ऑटोटूल्स सोडून एसकॉन्स घ्यायचं ठरवलं. काही महिने घाम गाळल्यावर लक्षात आलं की एवढ्या मोठ्या प्रकल्पाला ते झेपत नाही. २००६ मध्ये ते सीमेककडे वळले आणि तिथेच स्थिरावले.

नवं टूल असतं तर एक्सझेडचा घोळ टळला असता का?

अर्धवट. एक्सझेडमध्ये ‘जिया टॅन’ या नावानं वावरणाऱ्या व्यक्तीनं दोन वर्षांहून जास्त काळ चांगलं काम करून विश्वास मिळवला. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोक डाउनलोड करतात त्या गठ्ठ्यात, एक बदललेली एम-फोर फाइल घुसवली. ती उघड रिपॉझिटरीत नव्हतीच. कुणाला शंका का आली नाही? कारण ऑटोटूल्सच्या पद्धतीत टारबॉलमध्ये आयत्या तयार केलेल्या फायली जास्तीच्या असणं हे रोजचंच. त्या गर्दीत आणखी एक फाइल कोण बघतो?

मेसन टारबॉल बनवताना रिपॉझिटरीत नोंदवलेल्या फायलीच घेतं, त्यामुळे ही फट बरीच बुजते. पोस्टग्रेसनंही टारबॉलमध्ये आयत्या तयार फायली भरणं १७ व्या आवृत्तीपासून थांबवलं, आणि त्याचं काम एक्सझेड उघड होण्याच्या आधीच, २०२३ मध्ये झालं होतं.

पण त्याच जिया टॅननं एक्सझेडच्या सीमेक फायलीतही खोडी केली होती. तिथे त्यानं एक जास्तीचा टिंब टाकला. फक्त एक टिंब. त्यामुळे लिनक्सचं एक सुरक्षा कवच उपलब्ध आहे का, या तपासणीचं उत्तर कायम ‘नाही’ येत राहिलं आणि ते कवच कधी चालूच झालं नाही. ही फाइल उघड रिपॉझिटरीत होती, कुणीही वाचू शकत होतं.